टाकीवाले काका

कोनला राहायला आलेला माणूस वर्षभरात सोशीक होतो. पळस्पे फाट्यावर अडकून पडलेले कंटेनर, एक्स्प्रेस वेवरून उडत येणारी धूळ, एप्रिल-मेमधले टँकर, पहिल्या वळवाबरोबर गेलेली वीज, जाहिरातीत पनवेल स्टेशनपासून हाकेच्या अंतरावर असलेली आणि प्रत्यक्षात हाक मारूनही रिक्षा न थांबणारी जागा, सगळं अंगवळणी पडतं. आमचे टाकीवाले काका तर या सोशीकांचे शिरोमणी. मेंटेनन्स वाढला, भरला. लिफ्ट बंद पडली, अकरा मजले चढले. वरच्या फ्लॅटमध्ये दिवाळीपासून होळीपर्यंत ड्रिल चाललं, यांनी कानात कापूस घातला. वार्षिक सभेत त्यांनी हात वर केला तो फक्त हजेरी द्यायला. याच माणसाच्या हॉलमध्ये तीन फुटांची काचेची टाकी आहे आणि तीत रोटाला नावाच्या पाणवनस्पतीचं नवं पान लालऐवजी हिरवं निघालं की त्यांचं तोंड असं होतं, की काकू चहाचा कप लांबूनच सरकवतात.

जगात बाकी सगळीकडे तडजोड, त्या एका पानावर नाही, असा हा माणूस.

टाकीवाले हे नाव वॉचमनने पाडलं. परिणाम व्हायचा तोच झाला. सोसायटीत पाणी आलं नाही की नवे भाडेकरू काकांना फोन करतात. काका कधी ‘राँग नंबर’ म्हणत नाहीत. ‘येईल हो पाणी, पण आलं की टीडीएस बघून घ्या, टँकरचं फार जड असतं,’ एवढा सल्ला देऊन ठेवतात. एकदा तर गच्चीवरची टाकी बघायला आलेला प्लंबर पाना-पक्कड घेऊन थेट यांच्या हॉलमध्ये पोचला.

‘कुठली टाकी लीक आहे?’

‘लीक नाही,’ काका हताशपणे म्हणाले, ‘फिकी आहे.’

प्लंबर पाऊण तास बसला. कोनमध्ये प्रकाश आणि पानाचा रंग यांच्यावरचं व्याख्यान पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलेला तो एकमेव गृहस्थ, कारण त्याला वाटत होतं की याचेही पैसे मिळणार आहेत.

व्याख्यान कशावर आहे हे समजायला काकांची नोकरी माहीत पाहिजे. पाताळगंगा एमआयडीसीतल्या रंगाच्या एका कंपनीत ते क्वालिटी कंट्रोलला होते. आयुष्यभर त्यांनी एकच काम केलं: आलेल्या रंगाचा नमुना शेडकार्डाशी ताडून बघायचा आणि जुळत नसेल तर बॅच रिजेक्ट करायची. तिथे एक लाकडी कॅबिनेट असायचं, आत वेगवेगळे दिवे. एक दिवसाच्या उजेडासारखा, त्याला डी-६५ म्हणतात. एक दुकानातल्या ट्यूबसारखा, तो टीएल-८४. आणि एक जुन्या पिवळ्या बल्बचा. दोन तुकडे एका दिव्याखाली हुबेहूब जुळतात आणि दुसऱ्याखाली ओळखसुद्धा दाखवत नाहीत. रंगाच्या धंद्यात याला मेटामेरिझम म्हणतात, आणि काका अजून हा शब्द सोसायटीतल्या माणसांबद्दलही वापरतात. सेक्रेटरी सभेत वेगळे आणि लिफ्टमध्ये वेगळे. मेटामेरिझम.

निवृत्त झाल्यावर रिजेक्ट करायला काही उरलं नाही. घरात भाजी होती, पण तिथे काकूंचा क्यूसी कडक होता. मग मुलाने एक मासे पाळायची टाकी आणून दिली. मुलगा परदेशी निघून गेला, मासे आपापल्या क्रमाने गेले आणि कोपऱ्यात लावलेली एक काडी तेवढी तरारली. एके संध्याकाळी काकांना तिच्या शेंड्याला लाल झाक दिसली. तेवढं पुरलं.

आता त्यांच्या टाकीवर जो दिवा आहे, तो कपडे वाळत घालायच्या पुलीला टांगलेला आहे. अगदी तीच पुली, तीच पांढरी नायलॉनची दोरी, भिंतीवरची तीच खुंटी. कपडे हल्ली बेडरूममध्ये खुर्चीवर वाळतात. दोरी सोडली की दिवा खाली येतो, ओढली की वर जातो, आणि दोरीवर काकांनी मार्कर पेनाने खुणा करून ठेवल्या आहेत. दिवा फूटभर वर असला की रोटाला पोपटी. सहा इंचांवर आणला की आठवड्याभरात शेंडे नारिंगी. आणखी खाली आणला की डाळिंबी. खरं म्हणजे एकाच काडीवर सगळं शेडकार्ड दिसतं: तळाशी, जिथे उजेड जेमतेम पोचतो, तिथे पानं हिरवी आणि विरळ, दोन पेरांमधलं अंतर लांबलेलं, कारण झाड उजेड शोधत वर पळत असतं, मधे पिवळट तांबूस, आणि पाण्याच्या पृष्ठभागापाशी शेवटचे दोन इंच लाल. काका प्रत्येकाला ते दोन इंच दाखवतात. पाहुण्याने चुकून खाली बघितलं तर म्हणतात, ‘तिकडे नका बघू, ते जुनं प्रॉडक्शन आहे.’

हे असं का होतं, ते काकांनी प्लंबरला सांगितलं ते असं. पानातलं हरितद्रव्य उजेडातला तांबडा आणि निळा भाग जास्त ओढून घेतं, हिरवा त्या मानाने परत पाठवतं, म्हणून पान आपल्याला हिरवं दिसतं. पण पचेल त्यापेक्षा जास्त उजेड अंगावर आला की पानातली यंत्रणा भाजायला लागते. मग रोटालासारख्या वनस्पती पानात अँथोसायनिन नावाचं लाल रंगद्रव्य भरतात. ते जादा उजेड वरच्यावर अडवतं.

‘शेतात उन्हात काम करणारा माणूस डोक्याला पंचा गुंडाळतो ना? तिने लाल पंचा गुंडाळलाय. सावलीत कोण कशाला गुंडाळेल?’

प्लंबरने विचार केला. ‘मग काका, गॅलरीत ठेवा ना उन्हात. एवढी दोरी कशाला?’

यावर काका जे गप्प झाले ते प्लंबर जाईपर्यंत. कारण प्रश्न बरोबर होता. भर दुपारी उघड्यावर लाखभर लक्स उजेड असतो आणि तो फुकट असतो; काकांच्या टाकीच्या तळाशी त्याच्या दोन-तीन टक्के पोचला तरी ते खूश असतात. पण गॅलरीतल्या उन्हात काचेची टाकी तापते, पाण्याचा काढा होतो आणि चार दिवसांत शेवाळाखेरीज काही दिसत नाही.

शेवाळ हा काकांच्या आयुष्यातला एकमेव शत्रू. दिवा खाली आणला की लाल येतो, पण लालाच्या आधी शेवाळ येतं. काचेवर हिरवे ठिपके, दगडावर केसांचे झुपके, पानांच्या कडेला काळी दाढी. उजेड वाढवला म्हणजे झाडाची भूक वाढते. त्याला तेवढा कार्बन डायऑक्साइड आणि खत मिळालं नाही तर ते वाढत नाही, आणि उरलेला उजेड शेवाळ खातं. त्यामुळे काका दर रविवारी जुन्या एटीएम कार्डाने काच खरवडतात. बँकेने नवं कार्ड पाठवलं तेव्हा सोबत सूचना होती की जुनं कापून टाकावं. काकांनी कापलं नाही. ‘त्याला खरं काम आत्ता मिळालंय,’ म्हणाले.

कार्बन डायऑक्साइडचं प्रकरण सोसायटीत गाजलं. सिलिंडर महाग, म्हणून काकांनी आधी घरगुती उपाय केला: दोन लिटरच्या बाटलीत साखर, पाणी आणि बेकरीतलं यीस्ट. यीस्ट साखर खातं आणि वायू सोडतं, तो नळीने टाकीत जातो. शास्त्र चोख आहे. मात्र यीस्ट साखर खाऊन वायूबरोबर दारूही करतं, हे शास्त्राचं उरलेलं अर्धं वाक्य. मे महिन्यात कोनच्या उकाड्यात ते आंबवण जोरात चाललं, आणि अकराव्या मजल्याच्या पॅसेजमध्ये ताडीच्या दुकानासारखा वास सुटला. नेमका काकूंचा श्रावणातला नसला तरी सोमवारचा उपास. समोरच्या दारातल्या वहिनींनी दोन दिवस नुसतं बघितलं, तिसऱ्या दिवशी काकूंचा हात हातात घेऊन म्हणाल्या, ‘सगळं ठीक आहे ना घरात? आम्ही आहोत हो.’ त्या रात्री बाटलीचं झाकण उडून छताला लागलं आणि दुसऱ्या दिवशी काका सिलिंडर घ्यायला तयार झाले.

सिलिंडरबरोबर एक काचेचा फुगा आला, आत निळं द्रावण. पाण्यात वायू कमी असला की निळं, बेताचा असला की हिरवं, जास्त झाला की पिवळं. हिरव्या रंगावर काका समाधानी असतात असं जगातलं हे एकमेव ठिकाण. पिवळं झालं की नंतर आणलेले मासे वर येऊन तोंडं उघडझाप करतात. मग काकू ओरडतात, ‘अहो, मासे काहीतरी मागतायत!’

माशांचं आणि काकूंचं जुळतं, आणि तिथेच काकांच्या लालाला सुरुंग लागला. रोटालासारख्या वनस्पती पाण्यात नायट्रेट कमी असलं की जास्त लाल होतात. नायट्रेट येतं माशांच्या खाण्यातून आणि त्यांच्या विष्ठेतून. तेव्हा हिशेब सोपा: माशांना कमी खायला घाला. काकांनी चिमटीचं प्रमाण ठरवलं, दिवसाआड एक. गप्पी मासे टाकीच्या पुढच्या काचेला नाक लावून ओळीने उभे राहायला लागले. पान काही लाल होईना. काकांनी नायट्रेट तपासलं तर पाच असायला हवं तिथे पंचवीस. पुन्हा तपासलं, पंचवीसच. मग त्यांनी कंपनीतल्यासारखं स्टॉक टेकिंग केलं. खाण्याच्या डबीचं वजन रोज सकाळी आणि संध्याकाळी किचनच्या काट्यावर. डबी दुपारी हलकी होत होती. तीन ते साडेतीन. म्हणजे काकूंच्या मालिकेची वेळ.

‘तू त्यांना घालतेस?’

‘जीव आहेत ते. तुमच्या रंगापायी उपाशी मारू?’

‘मारत नाहीये. मर्यादित ठेवतोय.’

‘मग तुम्हीही मर्यादित राहा. आजची आमटी अर्धी वाटी.’

हा वाद मिटला तो काकांच्या बाजूने नाही, एवढं गप्पींच्या पोटांवरून कळतं.

लोह घातलं की पान लाल होतं, असं सांगणाऱ्यांचा काकांना विशेष राग. लोह हरितद्रव्य बनवायला लागतं. ते कमी पडलं तर नवं पान पिवळं पडतं. पण गरज भागल्यावर जास्तीचं घालून कुणी लाल होत नाही. ‘पालक खाऊन तुम्ही हिरवे झालात का?’ हा त्यांचा ठरलेला सवाल. पालक नव्हे, माठाच्या बाबतीत मात्र त्यांची एकदा पंचाईत झाली. काकूंनी पनवेलच्या बाजारातून लाल माठाची जुडी आणली, निवडायला बसल्या, बोटं लाल झाली. काका लगेच: ‘हा रंग वेगळा. तो अँथोसायनिन नाही, बीटालेन. बीटात असतो तो. एका झाडात हे असेल तर ते नसतं.’ हे खरं आहे, दोन्ही रंग एकत्र असलेलं झाड सापडत नाही. काकूंनी ऐकून घेतलं आणि टाकीतल्या मधल्या ठसठशीत लाल झुडपाकडे, ज्याला दुकानदार एआर मिनी म्हणतो, बोट दाखवून विचारलं, ‘आणि हे?’ ते होतं आल्टरनँथेरा. दक्षिण अमेरिकेतलं, पण कूळ माठाचंच. ओल्या जागी उगवणाऱ्या कांचरीची भाजी करतात, ती तर याची सख्खी बहीण. ‘म्हणजे,’ काकू देठ मोडत म्हणाल्या, ‘साडेतीनशे रुपये देऊन तुम्ही माठ आणलात, आणि तोही फोडणीला घालता येत नाही.’

रोप विकत घेतानाची काकांची पद्धत दुकानदारांना माहीत झाली आहे. कुर्ल्याला किंवा क्रॉफर्ड मार्केटला जायचं, आणि गुलाबी दिव्याखाली लालभडक दिसणारी काडी दाखवली की म्हणायचं, ‘जरा बाहेर उजेडात आणा.’ त्या दिव्यांत तांबड्या-निळ्या डायोडचा भरणा असतो; त्याखाली तांबडा उजेड पानावरून उलटून येतो आणि साधी तांबूस झाकही कुंकवासारखी दिसते. पान तेच, दिवा लबाड. दुकानदार पिशवी घेऊन फुटपाथवर येतो, काका ती सूर्याकडे धरतात, डोळा बारीक करतात आणि तीस वर्षांच्या सवयीने मान हलवतात: रिजेक्ट. हे त्यांना आपलं कौशल्य वाटतं. काकूंच्या मते पैठणी घेताना प्रत्येक बाई दुकानाच्या दारात येऊन हेच करते आणि तिला कुणी शास्त्रज्ञ म्हणत नाही.

काकांच्या हॉलमध्ये देव्हाऱ्याशेजारी ताकाशी अमानो यांचा फोटो आहे. जपानमधल्या नीगाता प्रांताचे हे छायाचित्रकार. काचेच्या टाकीत डोंगर, कुरण, जंगल उभं करायच्या कलेची गोडी त्यांनी जगाला लावली. ‘नेचर अ‍ॅक्वेरियम वर्ल्ड’ हे पुस्तक त्यांचंच. अमानो २०१५ मध्ये गेले. फोटोला हार नाही, पण जागाच अशी आहे, की हळदीकुंकवाला आलेल्या एका नव्या सुनेने वाकून नमस्कार केला. काकांनी तो अमानोंच्या वतीने स्वीकारला. मात्र खालच्या मजल्यावरचा सातवीतला मुलगा पुस्तकातली चित्रं बघून म्हणाला, ‘आजोबा, यांच्या टाक्यांत तर हिरवंच जास्त आहे.’ त्याला त्या दिवशी मासे बघू दिले नाहीत.

या सगळ्यात काकांना एकच माणूस मानवतो. म्हाडाने २०१६ साली गिरणी कामगारांसाठी कोनमधल्या २४१७ घरांची सोडत काढली. ताबा मिळायला पुढे बरीच वर्षं गेली. त्या इमारतींत एक आजोबा राहतात, परळच्या गिरणीत रंगखात्यात होते, १९८२ च्या संपात बाहेर पडले ते पडलेच. दोघांची ओळख कोन नाक्यावरच्या टपरीवर झाली. विषय अर्थातच लाल. आजोबांना काकांनी घरी आणलं, टाकीसमोर बसवलं, दिवा पूर्ण केला. आजोबांनी चष्मा पुसून बराच वेळ ते दोन इंच बघितले.

‘शेड चांगली आहे. पण रंग कच्चा.’

‘कच्चा कसा?’

आजोबांनी कपात गरम पाणी मागितलं, एक पान त्यात टाकलं. थोड्या वेळाने पाणी फिकट गुलाबी झालं आणि पान हिरवट. अँथोसायनिन पाण्यात विरघळतं, जिवंत पेशीत कोंडलेलं असतं तोवरच टिकतं. शास्त्राच्या दृष्टीने आजोबांचा शेरा अचूक होता. काकांनी मागे कधीही कुणाकडून रिजेक्शन घेतलेलं नव्हतं. यांच्याकडून घेतलं, आणि वर दुसरा चहा पाजला.

गेल्या ऑक्टोबरची गोष्ट सांगितल्याशिवाय काका पुरे होत नाहीत. टॉवरच्या मागे अजून भाताची काही खाचरं शिल्लक आहेत. पाऊस ओसरला, खाचरातलं पाणी आटायला लागलं, ऊन थेट पडायला लागलं. सकाळी फिरायला गेलेले काका बांधावर बसकण मारून बसले. चिखलात बोटभर उंचीचं तण होतं, तांबडंलाल, शेंड्यापासून बुडापर्यंत. रोटालाच्या काही जाती कोकणातल्या भातखाचरांत तण म्हणूनच उगवतात. तिच्याच कुळातल्या आणखी एका तणाची काडीही अशीच तांबूस होते. ना पुली, ना सिलिंडर, ना फुग्यातलं निळं पाणी. शेतकरी विळा घेऊन आला.

‘काय हरवलंय का साहेब?’

‘नाही, नाही. हे जरा… घेऊ का थोडं?’

‘थोडं? सगळं घेऊन जा. मजुरी वाचेल.’

काकांनी ते तण ओल्या फडक्यात गुंडाळून आणलं, चिमट्याने एकेक काडी टाकीत लावली, दिवा दोरीवरच्या सगळ्यात खालच्या खुणेपर्यंत आणला. पहिले चार दिवस ते आल्यागेल्याला सांगत होते, ‘कोनची व्हरायटी आहे.’ पाचव्या दिवशी शेंडा पोपटी झाला. पंधरवड्यात ते तण टाकीतल्या कुठल्याही झाडाइतकं हिरवंगार झालं आणि जोमाने वाढलं. काकू म्हणाल्या, घरात आल्यावर त्याच्या जिवाला स्वस्थता मिळाली. काका म्हणाले, दिवा कमी पडतोय. दोघंही एकच गोष्ट सांगत होते, पण एकमेकांना ते कळलं नाही. आता काकांनी दुसरा दिवा मागवला आहे आणि दुसरी पुली बसवायला त्याच प्लंबरला बोलावलं आहे. या वेळी त्याने पैसे आधी मागितले.

कधी कोनला आलात तर काकांकडे जरूर जा, रोटालाच्या काड्या ते फुकट देतात, ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून. फक्त दुपारी दोनच्या आधी आणि रात्री नऊनंतर जाऊ नका; टाकीचे दिवे टायमरवर असतात आणि अंधारात ते पाहुण्यांना माल दाखवत नाहीत. माशांना काही घालू नका, ते काकूंचं खातं आहे. आणि पान कितीही हिरवं दिसलं तरी हिरवं म्हणू नका. ‘शेड थोडी कमी आहे’ म्हणा.